पोषणाची वही वेगळी, शाळेची वही वेगळी : एकाच मुलीला मदत देणाऱ्यांनी दोन खात्यांत का वाटलं?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

परदेशी मदतीवर चालणाऱ्या कार्यक्रमांचं मूल्यमापन करण्याचं काम मी ११ वर्षं केलं. कुणीतरी पैसे देतं, कुणीतरी ते खर्च करतं आणि तीन वर्षांनी माझ्यासारखं कुणीतरी जाऊन बघतं की झालं काय. त्यातला एक दिवस अजून डोक्यातून जात नाही.

पूर्व आफ्रिकेतलं एक गाव. सकाळी पोषण कार्यक्रमाचं वजन-शिबिर होतं. १६ वर्षांची एक आई ९ महिन्यांच्या बाळाला पाठीशी बांधून आली. बाळाचं वजन तक्त्यावर लाल पट्ट्यात. वहीत नोंद झाली, पूरक आहाराची पाकिटं मिळाली, पुढची तारीख मिळाली. दुपारी त्याच गावच्या शाळेत गेले. तिथे दुसऱ्या देणगीदाराचा मुलींच्या शिक्षणाचा कार्यक्रम. हजेरीपटात एका नावासमोर वर्षभराची गैरहजेरी आणि पेन्सिलीनं शेरा : 'कारण माहीत नाही'. नाव सकाळचंच होतं. दोन वह्यांमध्ये फार तर ४०० पावलांचं अंतर, पण एका वहीला दुसरीचा पत्ता नव्हता. माझ्या अहवालात मी शाळेच्या नोंदी निष्काळजी असल्याचं लिहिलं आणि कारणाचा रकाना भरलाच पाहिजे अशी शिफारस केली.

आता प्रश्न. मुलांचं पोषण आणि मुलींचं शिक्षण हे एकाच साखळीचे दुवे आहेत, याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही. लिसा स्मिथ आणि लॉरेन्स हद्दाद यांनी २००० साली ६३ विकसनशील देशांची १९७० ते १९९५ या काळातली आकडेवारी तपासली. मुलांमधलं कमी वजनाचं प्रमाण जितकं घटलं, त्यातला ४३ टक्के वाटा स्त्रियांच्या शिक्षणाचा निघाला. अन्नाची उपलब्धता वाढल्याचा वाटा २६ टक्के. म्हणजे धान्यापेक्षा आईची शाळा जास्त कामाला आली. तरीही पोषणाचे पैसे एका दारातून येतात आणि शाळेचे दुसऱ्या. पोषणवाले बाळ दोन वर्षांचं झालं की हात काढून घेतात, शिक्षणवाले मूल सहा वर्षांचं झालं की हात पुढे करतात. आणि १३-१४ वर्षांची मुलगी, जी उद्या आई होणार आहे, ती दोघांच्याही यादीत धड नाही.

माझं मत : मदतीचा पैसा बांधूनच द्यावा. पोषणाच्या प्रत्येक कार्यक्रमात मुलींच्या शाळेची अट आणि शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात पोषणाचं काम. तुम्हाला काय वाटतं?

---

तळटीप

विषय चांगला. पण त्या ४३ टक्क्यांवर इमारत उभी करू नका. शिकलेली आई बहुधा बऱ्या घरात असते, रस्त्याजवळ, दवाखान्याजवळ राहते. शाळेचं श्रेय किती आणि बाकीच्याचं किती, हे देशांच्या सरासऱ्या मांडून पुरतं सुटत नाही.

याहून पक्का पुरावा इंडोनेशियाचा आहे. तेलाचा पैसा आला तेव्हा त्या सरकारनं १९७३-७४ ते १९७८-७९ या काळात ६१,००० हून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या. कुठे जास्त, कुठे कमी. त्या फरकाचा आधार घेऊन लुसिया ब्रेयेरोवा आणि एस्तेर द्युफ्लो यांनी पुढच्या पिढीकडे पाहिलं. आईवडिलांचं शिक्षण वाढलं तशी बालमृत्यूंची संख्या घटली, हे खरं निघालं. पण गंमत पुढे आहे. बालमृत्यूंच्या बाबतीत आईचं शिक्षण आणि बापाचं शिक्षण यांचं वजन जवळपास सारखं दिसलं. आईच्या शिक्षणाचा वेगळा, ठळक परिणाम दिसला तो लग्नाच्या वयावर आणि लवकरच्या बाळंतपणांवर.

तेव्हा 'मुलगी शिकवा, बाळ जगेल' हे वाक्य मदतीच्या पत्रकांत छापताना 'मुलगाही शिकवा' हे गाळू नये.

---

पाऊसपाणी

वाचतेय. पोषणवाले दोन वर्षांनी हात का काढून घेतात, हे कुणी सोप्या शब्दांत सांगेल का?

---

नाडीपरीक्षा

@पाऊसपाणी, गर्भाचे साधारण २७० दिवस आणि नंतरची दोन वर्षं मिळून होतात १००० दिवस. मुलाची उंची आणि मेंदू याच काळात सर्वांत वेगानं घडतात. तेव्हा जी उंची हुकते, ती पुढे पूर्ण भरून निघणं फार कठीण. २००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं माता-बाल पोषणावर लेखमाला काढली आणि देणगीदारांचं सगळं लक्ष या खिडकीवर खिळलं. ते चुकीचं नव्हतं. जगात आजही पाच वर्षांखालची सुमारे १५ कोटी मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत.

पण मी बाळंतपणं करते, म्हणून उलट्या बाजूनं बघते. हजार दिवसांची सुरुवात गर्भधारणेपासून होते आणि त्या दिवशी आईच्या अंगात जे काही आहे, तेवढ्याच शिदोरीवर होते. किशोरवयात मुलीची उंची झपाट्यानं वाढते, पाळी सुरू होते, लोहाची गरज वाढते. त्याच वेळी ती रक्तक्षयी असेल, वर्गात डोळे मिटत असतील, अभ्यास मागे पडून शाळा सुटली असेल आणि १५-१६ व्या वर्षी दिवस गेले, तर तिचं स्वतःचं वाढणारं शरीर आणि पोटातलं बाळ एकाच ताटातून जेवतात. बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. आम्ही तिला पहिल्यांदा पाहतो ते चौथ्या-पाचव्या महिन्यात. तोवर उशीर झालेला असतो.

जिथे रक्तक्षयाचं प्रमाण २० टक्के किंवा जास्त, तिथे पाळी येणाऱ्या मुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. या मुली एका जागी सापडतात ती जागा म्हणजे शाळा. शाळेत नसलेल्या मुलीपर्यंत ही गोळी पोचवणं किती अवघड, ते मी पाहिलंय.

---

हिशेबी

रानजाईताई, तुमच्या शीर्षकातल्या 'का'चं उत्तर हिशेबाच्या बाजूनं देतो. २० वर्षं मदतीच्या प्रकल्पांचे ताळेबंद लिहिले आहेत.

श्रीमंत देश जी मदत देतात तिची नोंद आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेकडे, म्हणजे ओईसीडीकडे होते. प्रत्येक रकमेला कामाच्या हेतूचा एक आकडी संकेत लावायचा असतो. मूलभूत पोषणाचा संकेत १२२४०, तो आरोग्याच्या घरात. शिक्षणाचे सगळे ११ नं सुरू होणारे. शाळेतलं जेवण आधी या १२२४० मध्येच मोडायचं. पुढे त्याला ११२५० असा स्वतंत्र संकेत मिळाला आणि ते शिक्षणाच्या घरात गेलं. मुलाच्या ताटात तेच अन्न, तीच डाव, पण जेवण आरोग्यखात्यातून उठून शिक्षणखात्यात जाऊन बसलं.

हे कागदावरचं वाटतं, पण तसं नाही. संकेत ठरला की कोणता विभाग पैसे देणार, कोणता अधिकारी सही करणार, वर्षाअखेर कोणत्या आकड्यानं यश मोजणार, हे सगळं ठरतं. शिक्षणाचा अधिकारी पटसंख्या विचारणार, पोषणाचा अधिकारी बाळाच्या दंडाचा घेर, म्हणजे ते किती कुपोषित आहे ते, विचारणार. माझ्या एका प्रकल्पात मुलींच्या वसतिगृहासाठी लोहाच्या गोळ्या मागितल्या होत्या. रक्कम एकूण खर्चाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. देणगीदाराकडून प्रश्न आला : 'औषधं शैक्षणिक साहित्यात कशी बसतात?' चार महिने पत्रं चालली आणि शेवटी ती ओळ काढावी लागली. त्या मुली वर्गात पेंगत होत्या आणि आम्ही त्यांच्यासाठी नवी बाकं घेत होतो. ते आठवलं की आजही जिवाला लागतं.

देणारी माणसं वाईट नसतात. त्यांना त्यांच्या संसदेला उत्तर द्यायचं असतं आणि तिथेही शिक्षणाचा प्रश्न वेगळा माणूस विचारतो, आरोग्याचा वेगळा.

---

पाऊसपाणी

हिशेबीकाका, बाकं आणि गोळ्यांचं वाचून गलबललं. नाडीपरीक्षा, धन्यवाद, आता कळलं.

---

दूरदेशी

दोन्ही गोष्टी एकाच पोत्यातून गेल्याचं एक उदाहरण आहे, ते सांगतो.

बुर्किना फासोच्या उत्तरेकडे, साहेलच्या कोरड्या पट्ट्यात, दोन पद्धती शेजारी शेजारी तपासल्या गेल्या. काही गावांत शाळेतच दुपारचं जेवण. काही गावांत मुलींना घरी न्यायला महिन्याला १० किलो धान्याचं पीठ, अट ९० टक्के हजेरीची. कोणत्या गावाला काय, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे तुलना भरवशाची. हॅरोनान काझिआंगा, दामिएँ द वाल्क आणि हॅरल्ड ऑल्डरमन यांचा हा अभ्यास. एका शालेय वर्षानंतर दोन्हीकडे मुलींची पटनोंदणी ५ ते ६ टक्के अंकांनी वाढली. पण पीठ घरी गेलं त्या घरांत १ ते ५ वर्षांच्या धाकट्या भावंडांचं वजनही वाढलं. शाळेत जेवण दिलेल्या गावांत धाकट्यांवर असा परिणाम दिसला नाही.

मोठी बहीण शाळेत गेली म्हणून घरातलं तान्हं जेवलं. रानजाई म्हणतात ती साखळी मला इथे एका महिन्याच्या पोत्यात दिसते, पिढीभर थांबावं लागत नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या घरांत काम करणारे लहान हात कमी होते, तिथे मुलांची नावं पटावर चढली, पण गैरहजेरी वाढली. पिठानं भूक भागली, गुरांमागे कोण जाणार हा प्रश्न सुटला नाही.

---

मुक्तछंद

मी या धाग्याच्या मूळ विचाराशीच असहमत आहे आणि ते स्पष्ट लिहिते.

मुलीला शाळेत का पाठवायचं? कारण ती माणूस आहे आणि शिकणं हा तिचा हक्क आहे. इतकं पुरेसं आहे. मदतीच्या भाषेत मात्र ती कायम कुणाची तरी उद्याची आई असते. तिच्या शिक्षणाचा फायदा मोजायचा तो तिच्या बाळाच्या वजनात. वर नाडीपरीक्षांनीही 'उद्याच्या बाळा'वरूनच सुरुवात केली. त्यांचा हेतू चांगला आहे, पण ज्या मुलीला मूल नकोच आहे, तिची शाळा मग कशासाठी? तिच्या रक्तक्षयाला महत्त्व नाही का?

ग्वातेमालाचं उदाहरण घ्या. १९६९ ते १९७७ या काळात तिथल्या पोषण संस्थेनं, इन्कापनं, चार गावांत लहान मुलांना पूरक पेय दिलं. दोन गावांत 'आतोले' नावाचं प्रथिनयुक्त पेय, दोन गावांत प्रथिनं नसलेलं सरबत. पुढे कित्येक वर्षांनी ती मुलं शोधून काढली. आतोले मिळालेल्या मुली सरासरी १.२ इयत्ता जास्त शिकल्या होत्या. आणि ज्यांना पहिल्या दोन वर्षांत आतोले मिळालं, अशा मुलांची, म्हणजे पुरुषांची, तासाची कमाई ४६ टक्क्यांनी जास्त होती. बायकांच्या कमाईत तशी वाढ दिसली नाही.

पुन्हा वाचा. शिक्षण वाढलं मुलींचं, पगार वाढला पुरुषांचा. पोटात अन्न गेलं, डोक्यात अक्षर गेलं, पण दाराबाहेर बाईला काम देणारं कुणी नव्हतं. पोषण आणि शिक्षण यांची गाठ मारून तुम्ही थांबलात, तर ही मुलगी पुन्हा चुलीशीच येऊन बसते, फक्त जास्त शिकलेली.

---

नाडीपरीक्षा

मुक्तछंद, मान्य. मी लिहिताना तिला आई धरूनच चालले, हे तुम्ही बरोबर पकडलंत. रक्तक्षय झालेली १४ वर्षांची मुलगी ही आजच रुग्ण आहे, तिला आजच उपचार हवेत, मग ती पुढे आई होवो वा न होवो. दवाखान्यात बसून आमची नजर अशी होऊन जाते.

---

दूरदेशी

मुक्तछंद, हक्काची भाषा मलाही पटते. पण अर्थमंत्र्यासमोर हक्क सांगून पैसे सुटत नाहीत हा अनुभव आहे. १७५ देशांच्या अभ्यासात १९७० ते २००९ या काळात पाच वर्षांखालच्या मुलांचे वार्षिक मृत्यू ८२ लाखांनी कमी झाले आणि त्यातले ४२ लाख स्त्रियांचं शिक्षण वाढल्यामुळे, असा हिशेब निघाला. हा आकडा मांडला की खोलीतली माणसं सरसावून बसतात. त्या आकड्यामुळे शाळा उघडत असेल तर मी तो मांडणार.

---

मुक्तछंद

जरूर मांडा. पण आकडा मांडून शाळा उघडली की शाळेत काय शिकवायचं, हेही मग तोच आकडा ठरवतो. मी 'मुलींचं जीवनकौशल्य' नावाचं पुस्तक पाहिलंय, त्यात १२ प्रकरणांपैकी ७ बाळाच्या संगोपनाची होती.

---

तळटीप

रानजाईंच्या 'अटी'बद्दल कुणी बोललं नाही. मलावीतल्या झोम्बा जिल्ह्यात २००८-०९ मध्ये १३ ते २२ वयाच्या अविवाहित मुलींच्या घरांना दर महिन्याला रोख पैसे दिले. एका गटाला शाळेच्या हजेरीची अट, दुसऱ्याला कसलीच अट नाही. सारा बेअर्ड, क्रेग मॅकिंटॉश आणि बर्क ओझलर यांचं हे काम. शाळेतली गळती रोखण्यात अट असलेला गट सरस ठरला. पण किशोरवयातली लग्नं आणि गरोदरपणं जास्त कमी झाली ती अट नसलेल्या गटात.

कारण सरळ आहे. अट असलेल्या गटातल्या मुलीची शाळा सुटली की पैसेही थांबले. म्हणजे सगळ्यांत जास्त गरज असताना मदत गेली. अट नसलेल्या गटात शाळा सुटली तरी पैसे येत राहिले, लग्नाची घाई टळली.

रानजाई, पोषणाला शाळेची अट लावलीत तर तुमच्या त्या १६ वर्षांच्या आईचं काय होईल? शाळा सुटली म्हणून बाळाची पाकिटंही जाणार.

---

शेवंता

तळटीप यांचा शेवटचा प्रश्न जबरदस्त आहे.

बांगलादेशचा अनुभव यात भर घालतो. मुलींसाठी माध्यमिक शिक्षणाचं विद्यावेतन तिथे १९८२ मध्ये एका भागात सुरू झालं आणि १९९४ पासून परदेशी मदतीच्या आधारानं देशाच्या ग्रामीण भागात सगळीकडे गेलं. अटी तीन होत्या : ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि लग्न झालेलं नसणं. मुलींची संख्या माध्यमिक वर्गांत इतकी वाढली की मुलग्यांच्या पुढे गेली. मुलांमधलं खुजेपणाचं प्रमाण २००४ मध्ये सुमारे ५१ टक्के होतं, ते २०२२ मध्ये २४ टक्क्यांवर आलं. पालकांचं वाढलेलं शिक्षण हे त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक मानतात, घरची परिस्थिती सुधारली हे दुसरं.

आणि तरीही त्याच देशात २० ते २४ वयाच्या जवळपास निम्म्या बायकांचं लग्न १८ च्या आत झालेलं आहे. गुणांची अट बघा. ४५ टक्के मिळत नाहीत ती मुलगी बहुधा कोणती? जिला घरी अभ्यासाला वेळ नाही, जिच्या पोटात धड अन्न नाही. तिचंच विद्यावेतन जायचं. त्याच योजनेत मुलीच्या जेवणाचा किंवा रक्तक्षयाचा विचार असता, तर ती अट तरी तिला पार करता आली असती.

---

खडूफळा

थोडं विषयांतर, पण कदाचित नाहीच.

पश्चिम आफ्रिकेत दोन वर्षं एका ग्रामीण शाळेत स्वयंसेवक शिक्षक होतो. मदतीतून शाळेत जेवण सुरू झालं, सगळे आनंदात. धान्य आलं, भांडी आली. पाणी आणि सरपण मात्र कार्यक्रमाच्या कागदावर नव्हतं. ते कोण आणणार? वरच्या वर्गातल्या मुली. पहिला तास गणिताचा आणि त्या वेळी मुली विहिरीवर. मी वर्गात मुलग्यांना अपूर्णांक शिकवतोय आणि खिडकीतून डोक्यावर भांडी घेतलेल्या मुली दिसतायत.

पोषणाचा अहवाल उत्तम होता, ताटांची संख्या पूर्ण. शिक्षणाचा अहवालही चांगला, मुलींची पटसंख्या वाढली. गणितात मुली मागे का, याचं कारण दोन्ही अहवालांच्या मधे विहिरीवर उभं होतं. शेवटी गावातल्या वडीलधाऱ्या बायकांशी बोलून पाण्याच्या पाळ्या लावल्या आणि गणिताचा तास दुपारी घेतला. खर्च शून्य.

---

पाऊसपाणी

खडूफळा सर, तुम्ही गणिताचा तास हलवलात, हे मला या धाग्यातलं सगळ्यात आवडलेलं धोरण आहे :)

---

गंगाकाठ

सगळी चर्चा देणाऱ्यांच्या बाजूनं चालली आहे, म्हणून मेक्सिको. १९९७ मध्ये तिथल्या सरकारनं 'प्रोग्रेसा' सुरू केलं. एकाच कुटुंबाला, एकाच योजनेतून, आईच्या हातात पैसे. शाळकरी मुलांसाठी विद्यावेतन, माध्यमिक वर्गांत मुलींना मुलग्यांपेक्षा जास्त, कारण गळती तिथे मुलींची जास्त होती. ४ ते २४ महिन्यांच्या बाळांना आणि गरोदर बायकांना पूरक आहार. दवाखान्यात नियमित तपासणी. नाव बदलत गेलं, 'ओपोर्तुनिदादेस', मग 'प्रोस्पेरा', पण गाभा २० वर्षांहून जास्त टिकला. २०१९ मध्ये नव्या सरकारनं ते बंद केलं.

तिथे दोन खाती जोडणारं कुणीतरी एक होतं, ते म्हणजे त्या देशाचं सरकार. पाकिस्तानातही बेनझीर उत्पन्न साहाय्य कार्यक्रमाखाली 'नशोनुमा' ही २०२० ची पोषण योजना आणि शाळेचं विद्यावेतन दोन्ही आहेत, दोन्हींत मुलीसाठी रक्कम जास्त. पाच वेगळ्या देणगीदारांनी एकमेकांशी जुळवून घेण्यापेक्षा त्या त्या देशाच्या एका यादीत पैसे घालणं सोपं आहे.

---

अर्धविराम

गंगाकाठ, सरकार मुलींच्या बाजूनं असेल तर ठीक. अफगाणिस्तानात मार्च २०२२ मध्ये शाळा उघडण्याच्या दिवशीच सहावीच्या वरच्या मुलींना परत पाठवलं. पोषणाची मदत मुलींच्या शाळेशी 'बांधली' असती तर तिथे काय करायचं? शाळा बंद म्हणून बाळांचं अन्नही बंद? मी मदतवाटपाच्या कामात होतो आणि माझं उत्तर नाही असं आहे. भुकेल्या मुलाला त्याच्या राज्यकर्त्यांची शिक्षा देता येत नाही.

दुसरं, पैसाच आटतोय. अमेरिकेची परदेशी मदत देणारी संस्था यूएसएड १ जुलै २०२५ ला बंद झाली. ब्रिटननं राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यावरून मदत २०२१ मध्ये ०.५ टक्क्यावर आणली आणि २०२७ पर्यंत ती ०.३ टक्क्यावर नेण्याचं जाहीर केलं. अशा वेळी दोन कार्यक्रम एकत्र बांधले की कात्री एकदाच लागते आणि दोन्ही जातात.

जमेची बाजू एकच. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये ४६ कोटी ६० लाख मुलांना शाळेत जेवण मिळत होतं आणि त्यातला बहुतेक सगळा पैसा देशांचा स्वतःचा आहे. परदेशी मदतीवर अवलंबून आहेत ते सर्वांत गरीब देश. कात्रीही नेमकी तिथेच लागते.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. तळटीप आणि अर्धविराम यांनी माझी 'अट' मोडून काढली. पैसा बांधू नये, हे मान्य.

मग दुसरा मार्ग सुचवते. पैसे वेगळे राहू देत, नोंद एक करा. पोषणाच्या वहीतली आई आणि शाळेच्या पटावरची मुलगी एकाच क्रमांकानं जोडा. शाळेला कळेल की ती कुठे आहे, दवाखान्याला कळेल की ती शिकत होती. माझ्या गावात एवढं असतं तरी ती मुलगी हरवली नसती. यात कुणाचं नुकसान आहे?

---

सांजवारा

रानजाई, नुकसान त्या मुलीचंच आहे.

टांझानियात २०२१ च्या नोव्हेंबरपर्यंत गरोदर राहिलेल्या विद्यार्थिनीला सरकारी शाळेतून काढून टाकत आणि बाळंतपणानंतरही परत घेत नसत. जागतिक बँकेनं शिक्षणाचं मोठं कर्ज या वादातून २०१८ मध्ये अडवलं होतं, ते २०२० मध्ये मंजूर केलं. बंदी उठली त्यानंतर दीड वर्षाहून जास्त काळानं. सिएरा लिओनमध्ये २०१५ ते मार्च २०२० गरोदर मुलींना शाळेत बसायला बंदी होती. काही शाळांत मुलींच्या गरोदरपणाच्या तपासण्या होत.

अशा ठिकाणी दवाखान्याची नोंद शाळेच्या पटाला जोडली तर काय होईल? मुख्याध्यापकाच्या कागदावर छापील पुरावा येईल आणि त्या दिवशी नाव कमी होईल.

मी अशाच एका देशात मुलींच्या शाळेत समुपदेशक होते. मुलगी दिसेनाशी झाली की तिच्या वर्गशिक्षिकेला बहुतेक वेळा सगळं माहीत असायचं. लहान गाव, लपणार काय? पण कारण लिहिलं की दार कायमचं बंद. म्हणून त्या लिहायच्या 'आजारी', 'गावाला गेली'. किंवा 'कारण माहीत नाही'. आणि नाव खोडायच्या नाहीत. पटावर नाव जिवंत राहिलं तर वर्षा-दोन वर्षांनी मुलगी गुपचूप परत येऊन बसू शकायची. दोघी-तिघी आल्याही.

तुमच्या त्या शाळेत शेरा पेन्सिलीनं होता म्हणालात. बाकीचा हजेरीपट कशानं लिहिलेला होता?

---

पाऊसपाणी

अंगावर काटा आला.

---

रानजाई

सांजवारा, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला. उत्तर लिहायला आज संध्याकाळ झाली.

बाकीचा हजेरीपट शाईनं होता. नाव खोडलेलं नव्हतं. गैरहजेरीचे महिने सरळ रेषेत, नीट मांडलेले होते. त्या शिक्षिकेनं ती वही माझ्यासमोर ठेवली तेव्हा ती माझ्याकडे बघत होती आणि मी रकाना बघत होते. मग मी अहवालात लिहिलं की नोंदी निष्काळजी आहेत.

तो अहवाल ज्या कचेरीत गेला तिथे आता कोण बसतं याचा शोध घेतेय. शिफारस मागे घ्यायचं पत्र आज लिहिलं. उशीर झालाय, पण त्या पत्रात शिक्षिकेच्या कामाला चांगलं म्हटलेलं असेल.

नोंद जोडण्याचं माझं म्हणणंही मागे घेते. पण मूळ प्रश्न उरतोच. ती शिक्षिका आणि ते वजन-शिबिर यांची गाठ पडायची कशी?

---

नाडीपरीक्षा

मुलीच्या हातून. जपानमध्ये १९४८ पासून माता-बाल आरोग्य पुस्तिका आहे. गरोदरपण, बाळंतपण, बाळाची वाढ, लसी, सगळं एका पुस्तिकेत आणि ती पुस्तिका आईकडे राहते, दवाखान्याकडे नाही. जपानच्या मदतीतून हीच कल्पना इंडोनेशियात आणि पुढे बऱ्याच देशांत गेली. ती दहाव्या वर्षापासून मुलीच्या नावानं का असू नये? रक्ताची तपासणी, लोहाच्या गोळ्या, शाळेची इयत्ता, परत प्रवेश घ्यायचा तर कुणाला भेटायचं त्याचा पत्ता. कुठलं पान कुणाला दाखवायचं ते ती ठरवेल.

---

मुक्तछंद

मुखपृष्ठावर बाळाचं चित्र नको, एवढंच.

---

सांजवारा

आणि इयत्तेचं पान पहिलं. घरात कुणी पुस्तिका उघडली तर आधी शाळा दिसू दे.

---

हिशेबी

छपाईचा खर्च मी मांडून देतो. रानजाईताई, प्रस्ताव लिहायला घ्या. संकेत ११ नं सुरू होणारा टाकू आणि तुम्ही म्हणाल ती गोळ्यांची ओळ पहिल्याच पानावर ठेवू. या वेळी चार महिने पत्रं चालली तरी मी ती काढणार नाही.

---

खडूफळा

मसुदा तयार झाला की इथेच टाका. माझ्या त्या शाळेतल्या एका मुलीशी अजून पत्रव्यवहार आहे, ती आता स्वतः शिक्षिका आहे. तिला वाचायला पाठवतो, चुका तीच काढेल.